दहा मेगावॅटचा एकच प्रकल्प का नको? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. यवतमाळच्या पऱ्हाट्यांवरचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या कपाशीच्या काड्यांवरचा, माझा लेख वाचून तुम्ही कळवलंत, की गावोगावी १०० किलोवॅटचे गॅसिफायर (काड्यांचा गॅस करून त्यावर इंजिन चालवणारी, वीज करणारी यंत्रं) म्हणजे पैशांची नासाडी. जिल्ह्यात एवढ्या पऱ्हाट्या जळून जातात, तर १० मेगावॅटचा एकच प्रकल्प उभारा. शिवाय लेखात हिशेब नव्हता. ती चूक माझी. तो आता मांडतो.

एकरी साधारण एक टन वाळलेली पऱ्हाटी धरू. त्यातली एक तृतीयांशच हाती येईल, असं मी मानतो. बाकीची चुलीत जाते, रोटाव्हेटरखाली जाते किंवा मजुरी परवडत नाही म्हणून शेतातच राहते. १०० किलोवॅटचं यंत्र रोज १० तास, वर्षातले ३०० दिवस चाललं आणि युनिटमागे १.४ किलो लागले, तर ४२० टन पुरतात. म्हणजे सुमारे १,२६० एकर कापूस. शिवाराचा ४० टक्के भाग कपाशीखाली असेल, तर हे सगळं साधारण दोन किलोमीटरच्या आत मिळतं. १० मेगावॅट चोवीस तास चालवायचे, तर युनिटला १.२ किलो धरूनही ८६ हजार टन हवेत, आणि त्यासाठी २९ किलोमीटरपर्यंत जावं लागतं.

पऱ्हाट्यांनी ट्रॉली शिगोशीग भरते, पण वजन भरत नाही. दोन किलोमीटरला बैलबंडी पुरते. पंचवीस किलोमीटरला डिझेलच इंधनाचा भाव ठरवतं. आणि एवढा मोठा गिऱ्हाईक आला की पऱ्हाटीला भाव येतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, ते मिळायलाच हवेत. पण ज्या मजूर बाया आज वेचणी संपल्यावर भारा फुकट घेऊन जातात, त्यांनी चुलीत काय घालायचं? जिल्ह्याची एकूण बेरीज करताना हा भारा कुणीच वजा करत नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पटला. लहान यंत्राला किलोवॅटमागे खर्च जास्त येतो, आणि गॅसमधलं डांबर नीट गाळलं नाही तर इंजिन बसतं. जाणता ऑपरेटर प्रत्येक गावाला मिळणार नाही. म्हणून 'गाव तिथे प्रकल्प' हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

मग जागा कोणती? बिहारमधल्या तमकुहा गावात २००७ साली हस्क पॉवर या कंपनीने भाताच्या तुसावर वीज केली. तूस गिरणीत आयतंच जमलेलं असतं. आपली पऱ्हाटी शिवारभर विखुरलेली. पण विजेची मागणी मात्र एका जागी असते, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आणि तीही नेमकी वेचणीच्या हंगामात. वजनकाटाही तिथे तयार असतो. प्रकल्प जिनिंगच्या आवारात मात्र नको. रुईच्या गंजीजवळ ठिणगी परवडत नाही. शेजारचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाचा प्लॉट बघावा. पऱ्हाट्यांचे ढीगही तिथे रचू नयेत, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच दबा धरून बसते. शेतातच कुट्टी करून आणावी आणि पावसाआधी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवावी.

म्हणजे प्रकल्प केवढा, हे आधी त्या शेडवरून ठरवायचं. पावसाळाभर कोरडी राहील एवढी कुट्टी मावते किती, ते मोजा आणि मगच यंत्र निवडा.