छोटी फुलपाखरे आणि ‘फ्रेम भरा’चा आग्रह

फुलपाखरांची छायाचित्रे काढताना फुलपाखराने फ्रेम भरून टाकावी, अ‍ॅपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडून पार्श्वभूमी पुसून टाकावी, डोळा फ्रेमचे तीन समान भाग करणाऱ्या एकतृतीयांश रेषेवर ठेवावा आणि फुलपाखरू स्वस्थ बसत नसेल तर त्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे, असा एक सल्ला समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. ब्लू मॉरमॉनसारख्या मोठ्या फुलपाखराच्या बाबतीत त्यातला पहिला भाग एक वेळ चालून जाईल. गवतातल्या छोट्या ‘ब्लू’ फुलपाखरांना मात्र तो लागू पडत नाही.

त्यांतल्याच ग्रास ज्युएल या फुलपाखराच्या पंखांचा विस्तार जेमतेम १५ ते २२ मिलिमीटर असतो आणि पंख मिटल्यावर ते सुमारे सेंटिमीटरभरच दिसते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एकास एक प्रमाणातही (म्हणजे प्रतिमा प्रत्यक्ष आकाराएवढी असतानाही) ते रुंदीचा तिसरा हिस्सादेखील व्यापत नाही. त्यामुळे फ्रेम ‘भरलेली’ बहुतेक चित्रे नंतर कातरलेली असतात. या कातरण्यात सर्वांत आधी जाते ती वनस्पती. पेल ग्रास ब्लू आंबुशीवर अंडी घालते, कॉमन पिएरो बोरीवर, तर रेड पिएरो पानफुटीवर, आणि तिची अळी त्या मांसल पानाच्या आत शिरून ते पोखरते. पोट वाकवून पानाला टेकवलेली मादी पानासकट दिसली, तरच ती तिथे का आली आहे ते चित्रातून कळते. अर्ध्या प्रमाणात, म्हणजे प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्मी ठेवून, चित्र घेतले तर फ्रेममध्ये ७२ बाय ४८ मिलिमीटरचा भाग येतो, आणि माझ्या मते या फुलपाखरांसाठी तेवढी जागा योग्य असते.

उघड्या अ‍ॅपर्चरचा सल्ला तर गणितातच कोसळतो. एकास एक प्रमाणात एफ २.८ ला (म्हणजे अ‍ॅपर्चर खूप उघडे असताना) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर भरते, म्हणजे डोळा स्पष्ट आला तरी पंखाची कड धूसर होते. अर्ध्या प्रमाणात अ‍ॅपर्चर बरेच लहान करून एफ ११ ला तीच खोली सुमारे चार मिलिमीटर होते, आणि सेन्सर मिटलेल्या पंखांना समांतर धरल्यास संपूर्ण पंख तीत मावतो. पार्श्वभूमी मऊ होण्यासाठी ती मुळात दूर असावी लागते. एकदांडीचे फूल उंच दांड्यावर येते. त्यावरच्या फुलपाखराला जमिनीवर पालथे पडून समोरून टिपले, तर मागचे गवत काही फुटांवर जाते, आणि तेच वरून टिपले तर माती लगेच मागे येते. (कपडे मळतात, याला इलाज नाही.)

एकतृतीयांशाचा नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पी ब्लू या फुलपाखराच्या मागच्या पंखांवर शेपट्या आणि काळे ठिपके मिळून खोटे डोके तयार होते. खऱ्या डोक्यापुढे रिकामी जागा सोडावी, हे मान्य करूनही शेपट्या फ्रेमच्या कडेला चिकटल्या तर चित्राचा तोल जातो. फुलपाखरू बसलेल्या दांडीची दिशा पाहून फ्रेम ठरवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

फ्रिजचा उपाय क्रूर आहे आणि अनावश्यकही. सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत ही फुलपाखरे गवताच्या पात्यांवर पंख मिटून स्वस्थ बसलेली असतात, आणि वारा पडलेला असेल तर त्या वेळी तिपाई लावून एफ ११ ला मंद शटरनेही चित्र घेता येते.