नवा बजी आणि वेगळा पिंजरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘घरात दुसरा बजी आणताना’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. (बजी म्हणजे बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट.) आपण लिहिता : “नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवा हे पुस्तकी ज्ञान झालं. लेखिकेनं आयुष्यात पक्षी पाळलेला दिसत नाही. माझ्याकडं लव्हबर्ड, बजी, फिंच सगळे एकाच पिंजऱ्यात आहेत, काही होत नाही. आणि निळं नाक म्हणजे नर, हेही सरसकट खरं नव्हे.”

नाकाचं तुमचं बरोबर आहे. ल्युटिनो (पूर्ण पिवळ्या) आणि अल्बिनो (पूर्ण पांढऱ्या) नराचं नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळं राहतं. मी साध्या हिरव्या-निळ्या बजींबद्दल लिहीत होते. ती ओळ लेखात वाढवते.

पण “आयुष्यात पक्षी पाळलेला दिसत नाही”? हे आपण कशावरून लिहिलंत? ओळख ना पाळख, आणि एकदम आयुष्यावर निकाल! मतभेद असतील तर मांडा, मी वाचते. पण असं बोलायची रीत कुठली?

मंगळवार पेठेत आमच्या घराच्या गच्चीवर आजोबांची ढाबळ होती. बाजारातून आणलेलं कबुतर त्यांनी कधी थेट ढाबळीत सोडलं नाही. जिन्याखाली डालग्यात ठेवायचे, रोज सकाळी त्याची विष्ठा बघायचे, चोचीजवळ कान नेऊन श्वास ऐकायचे. घरघर ऐकू आली की ते कबुतर वर जायचं नाही. आजोबा चौथीपुढं शिकले नव्हते. त्यांना हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं, सांगा. ज्याला आपण पुस्तकी म्हणता ते या गावात गच्चीगच्चीवर लोक करत आले आहेत. पुढं वडिलांनी झेब्रा फिंच ठेवले, मी लग्नानंतर बजी. तीन पिढ्या झाल्या.

आता महिनाच का, ते. पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसला तो आधी मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत खाण्याचं सोंग करतो, राळे फोडून टरफलं पाडत राहतो आणि पोटात काहीच जात नाही. दुकानात गर्दीच्या पिंजऱ्यात तो धडधाकट वाटतो. घरी आल्यावर जागाबदलाच्या ताणानं आतलं दुखणं वर येतं, आणि ते दोन दिवसांत येईल असं नाही. सिटाकोसिस या पक्ष्यांकडून माणसालाही होणाऱ्या आजाराचे जंतू वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतूनही बाहेर पडत असतात. विष्ठा वाळली की तिची धूळ हवेत जाते, ती जुन्या पक्ष्याच्या छातीत जाते आणि माणसाच्याही. माणसाला मग ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढं न्यूमोनिया. या आजारावर पक्ष्याला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण 45 दिवस द्यावं लागतं. म्हणून 30 ते 45 दिवस वेगळा ठेवा म्हणतात.

माझ्या घरचंच सांगते. ऐन आषाढात, बाहेर झड लागलेली असताना, एका दुकानातून बजीची मादी आणली. चपळ, डोळे लख्ख. दुसऱ्या आठवड्यात ती पिसं फुगवून बसायला लागली, श्वासागणिक शेपूट खालीवर व्हायला लागली. पशुवैद्यांकडं नेलं, औषध केलं, ती गेली. आमचा जुना नर मात्र आतल्या खोलीत होता म्हणून वाचला. तो अजून आहे. आपल्या ‘काही होत नाही’वर मी विश्वास ठेवला असता तर तो नसता. त्यामुळं हा शब्द मला लागला, हे मी लपवत नाही.

फ्लॅटमध्ये जमत नाही, असं म्हणणारेही भेटतात. आमचंही दोन खोल्यांचंच घर आहे. एक पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत, दुसरा बाहेरच्या खोलीत. मधलं दार बंद. आधी जुन्याचं दाणापाणी, मग नव्याचं, मग साबणानं हात. भांडी वेगळी. खालचा पेपर काढण्याआधी त्यावर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. एवढंही होणार नसेल तर दुसरा पक्षी आणू नये. दुसरा पक्षी आपण पहिल्याच्या सोबतीला आणतो. रंग जुळतात का, खोलीत शोभेल का, हे त्याच्या जिवापुढं बघायचं नसतं. सोबतीला बजीच हवा. दोन माद्या एकत्र टाळाव्यात, भांडणं विकोपाला जातात. नर-मादी असतील आणि पिल्लं नको असतील तर पिंजऱ्यात मडकं टांगू नये. हे सगळं मूळ लेखात आहे. आपण तो पुरता वाचला असता तर बरं झालं असतं.

राहिला आपला एकत्र पिंजरा. त्यावर वाद घालत बसत नाही. बारा-पंधरा ग्रॅमच्या फिंचला पन्नास ग्रॅमच्या लव्हबर्डशेजारी कुणीही जाणता माणूस ठेवत नाही. लव्हबर्ड दुसऱ्या पक्ष्याच्या पायाची बोटं चावतो, आणि हे बहुधा दाराआड, संध्याकाळी जागेवरून भांडण लागलं की होतं. आज उजेडात तुमच्या बजींची आणि फिंचची बोटं एकेक करून बघा. एखादं नख, एखादं पेर कमी दिसलं तर उत्तर लिहीत बसू नका, आधी पिंजरे वेगळे करा.