टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? तो डेमो जरा नीट बघा

तो पाण्याच्या डेमोचा व्हिडिओ परत सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओ फिल्टरचं, दोन्हीत प्लगवाल्या मशीनच्या सळ्या बुडवतात आणि मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी-हिरवट होतं, वर गाळ तरंगायला लागतो. आरओचं तसंच्या तसं. खाली मेसेज, की ही घाण रोज मुलांच्या पोटात जातेय, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० च्या आत नसेल तर ते पाणी विष, आणि उकळून काही फायदा नाही. हेच फिल्टर विकणारे घरी येऊन म्हाताऱ्या माणसांना दाखवतात आणि ती घाबरून हजारो रुपये काढून देतात, याचा मला खरंच संताप येतो.

तर पहिलं, तो गाळ. तो पाण्यातला नाहीच, सळीतला आहे. एक सळी लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची, करंट सोडला की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. आता करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात, नळाच्या पाण्यात ते असतात, आरओने काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे काहीच घडत नाही. पटत नसेल तर डेमोवाल्यालाच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मशीन परत चालू करायला लावा, तेही पाणी तसंच गढूळ होतं. नंतर ती लोखंडी सळी पुसून बघा, झिजलेली दिसेल.

'टीडीएस ५० च्या आत हवा' हे कुठून आलं? पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. त्यात बरंचसं कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्ये सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, कारण त्यात किती पाणी वाया जातं ते सिंकखालच्या पाइपाला बादली लावली की कळतं.

आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे 'आकडा कमी, आता बिनधास्त प्या'. अहो, टीडीएस मोजायचं ते पेनासारखं मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. जंतू त्याला दिसत नाहीत. ड्रेनेजच्या पाण्याचे चार थेंब पडले तरी आकडा जेमतेम हलेल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट एकदम वाढले, तेव्हा पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडले. हे असलं काही टीडीएस मीटर पकडू शकत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, त्याच्या दहापट असलं तरी मीटरवर एकाचाही फरक पडणार नाही.

उकळण्याचं पण तेच. उकळून टीडीएस फारसा कमी होत नाही, वाफ गेल्यामुळे कधी थोडा वाढतोसुद्धा, आणि हे दाखवून लोकांना उकळणं बंद करायला लावतात. जंतू मात्र उकळल्याने मरतात, त्यामुळे जुलाब-काविळीच्या साथीत तोच सगळ्यात भरवशाचा उपाय.

आरओ कुठेच नको असं नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, कुठे पाणी खारंच आहे, तिथे आरओचा उपयोग आहे. पण ते लॅबच्या रिपोर्टवरून ठरतं, कारण फ्लोराइड किती ते मीटर सांगत नाही. पाण्यात जंतू आहेत का हे घरी बघायचंच असेल तर एच-टू-एसची तपासणीची बाटली आणा, ग्रामपंचायती वापरतात तीच. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची शक्यता धरा, उकळून प्यायला लागा आणि आधी सोसायटीची टाकी आणि ड्रेनेजजवळून जाणारी लाइन तपासून घ्या.