त्याच साडीतले चार फोटो

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा वाचली आणि दोन दिवस ती मनात घोळत राहिली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही जीव तोडून लिहिलं आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देते.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: जानेवारीत आम्ही नवराबायको मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम असे दहा दिवस फिरून आलो. माझ्या पाठीवर एकच सॅक होती, विमानात आपल्याजवळ ठेवू देतात त्या ७ किलोंच्या आत बसणारी. चार साड्या होत्या, त्यातली एक अंगावर. त्यावर तुम्ही लिहिलंत, "ही हौस एकट्यादुकट्यांची. आम्ही सासूबाई आणि दोन मुलं घेऊन जातो. चार फोटोंत तीच साडी बघून लोक काय म्हणतील? रोज खोलीवर कपडे धुवायचे तर सुट्टी कसली? आणि देवाला जाताना नटण्याचा एवढा विचार कशाला?"

आधी तुमचं जे बरोबर आहे ते सांगते. 'हे कुणालाही जमेल' असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना किलोचं गणित लावता येत नाही. जानेवारीत मनालीला जाणाऱ्याचं एक जाकीट माझ्या दोन-तीन साड्यांच्या वजनाचं असतं. अंगाचं माप मोठं असलं की प्रत्येक कपडा थोडा जड होणारच, त्यात त्या बाईचा काय दोष? ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. लग्नाचंही तसंच. भाचीच्या लग्नाला मी पैठणी नेते, ती एकटीच पाऊण किलोच्या वर भरते, आणि ती घरी ठेवायचं माझ्या मनातसुद्धा येत नाही.

पण सासूबाई बरोबर असतात म्हणून जमत नाही, हे मात्र मला पटत नाही. कारण मी हे शिकले तेच सासूबाई बरोबर असताना.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही काशीयात्रेला निघालो होतो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुलगी नऊ वर्षांची. वाटेत एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलायची होती आणि ऐन वेळी फलाट बदलल्याचं सांगितलं. जिना चढून पलीकडे जायचं होतं. माझ्या एका हातात चोवीस किलोंची बॅग, दुसऱ्या हातात फराळाची पिशवी, खांद्याला पर्स. ह्यांच्याकडे दोन बॅगा, शिवाय मुलगी त्यांच्या शर्टाला धरून. सासूबाई म्हणाल्या, "तू हो पुढे, मी येते कठड्याला धरून." मी वर पोचले आणि मागे वळून पाहिलं. त्या जिन्याच्या मधोमध उभ्या होत्या. दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, आणि तो सावरायलाही त्या कठड्यावरचा हात सोडत नव्हत्या. मला बॅग तिथे टाकून खाली जाता येईना. एका अनोळखी मुलाने त्यांचा हात धरून त्यांना वर आणलं.

गाडी मिळाली, यात्राही झाली. घरी आल्यावर बॅग उपसली तेव्हा अकरा साड्यांपैकी पाच जशाच्या तशा घडीत निघाल्या. घड्यांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास तसाच होता. ह्या पाच साड्यांपायी मला त्यांचा हात धरता आला नव्हता. तो प्रसंग आठवला की अजूनही माझ्या पोटात कालवतं. तेव्हा एकट्याने फिरणाऱ्यापेक्षा म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असलेल्या बाईलाच हलक्या सामानाची जास्त गरज असते, असं माझं ठाम मत झालं आहे.

तेव्हापासून निघायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कपडे ठेवून बघते. माझी मलमलची साडी ३४० ग्रॅम भरली, माहेश्वरी ४०० ग्रॅम, इरकल ५५० ग्रॅम. मुलीची जीन्स ६५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन मलमलच्या साड्या. साडी नेणारीचं सामान जड आणि जीन्सवालीचं हलकं हा समज काट्यावर टिकत नाही. सगळ्यात मोठा धक्का बसला तो चाकांच्या रिकाम्या बॅगेचा: साडेतीन किलो! आत एकही कपडा नसताना ती दहा मलमलच्या साड्यांचं वजन घेऊन बसते. माझी कापडी सॅक ९०० ग्रॅमची आहे. ह्या खेपेला भरलेली सॅक ५ किलो १०० ग्रॅम झाली, औषधं, चपला आणि शाल धरून.

आता थोडक्या कपड्यांत नीटनेटकं कसं दिसायचं. ह्यात साडीपेक्षा ब्लाउजवर डोकं चालवावं लागतं. माझ्या साड्या होत्या निळी मलमल, आमसुली माहेश्वरी, काळ्या काठाची मोतिया सुती आणि एक काळी इरकल. ब्लाउज तीन: काळा, मोहरीच्या रंगाचा आणि आमसुली खणाचा. तिन्ही ब्लाउज चारही साड्यांवर जातात, ते बघूनच निवडले. एकाच साडीवर शोभणारा ब्लाउज, कितीही सुंदर असला, तरी घरीच राहतो. माझ्या माहेश्वरीचे काठ बुगडीचे आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येतात, त्यामुळे ती कन्याकुमारीला एका बाजूने आणि परतीच्या दिवशी दुसऱ्या बाजूने नेसले. इरकल सगळ्यात जड, म्हणून ती अंगावर नेसून निघाले. रात्रीच्या गाडीत गारठ्याला तिची ऊबही मिळाली.

प्रवासाचे ब्लाउज मी मुद्दाम बिनअस्तराचे शिवून घेते, जरा घट्ट विणीचं कापड बघून. अस्तर लावलेला ब्लाउज रात्रभरात वाळत नाही; वरून कोरडा लागतो आणि सकाळी अंगात घातला की काखेत गार लागतो. इथून आपण तुमच्या धुण्याच्या मुद्द्याकडे येतो. ताई, रोज धुवायचा तो फक्त ब्लाउज आणि आतले कपडे. अंघोळ करतानाच होतात, दहा मिनिटं धरा. धुतलेला ब्लाउज कोरड्या पंच्यावर पसरा, पंचा वळकटीसारखा गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून कचकून पिळा. निम्मं पाणी पंचा पिऊन घेतो. मग ब्लाउज हँगरवर लावून पंख्याखाली अडकवायचा, हुकपट्टी आणि काखेची शिवण बाहेरच्या बाजूला येईल असा, कारण तिथेच ओल शेवटपर्यंत राहते. आपला साधा सुती पंचा टर्किश टॉवेलच्या मानाने किती हलका आणि किती लवकर वाळणारा! मला त्याहून चांगली प्रवासी वस्तू अजून सापडलेली नाही.

साड्या दहा दिवसांत दोनच धुतल्या. खळ काढून टाकलेली मलमल चार-पाच तासांत वाळते. इस्त्रीसाठी नीट घडी घालून गादीखाली ठेवली आणि वर झोपलो, झालं. आपल्या वारीतल्या बायका तर चालता चालता लुगडं वाळवतात. दोघी दोन टोकं धरतात, मधे ते ओलं लुगडं वाऱ्यावर फुगतं आणि पुढच्या गावापर्यंत वाळतं. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या त्या बायका रोज स्वच्छ लुगड्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून चालतात. त्यांच्याकडे बघून मला कधीच वाटलं नाही की ह्यांच्याकडे कपडे कमी आहेत.

फोटोंचं म्हणाल तर हो, चार फोटोंत तीच निळी मलमल आहे. मला ती आवडते म्हणूनच ती नेली. ज्या दिवशी मी सगळ्यात मनापासून तयार झाले, त्या दिवशीचा माझा एकही फोटो नाही. मीनाक्षीच्या देवळात मोबाइल नेऊच देत नाहीत. पहाटे काळी इरकल नेसले, मोहरीचा ब्लाउज, कानात मोत्याच्या कुड्या. देवळाच्या वाटेवर एक आजी मोगऱ्याचे गजरे घेऊन बसल्या होत्या. मदुराईचा मोगरा प्रसिद्धच आहे. तिथे गजरा हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. आजींनी स्वतःच्या हातावर एक माप घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर आणखी चार बोटं सोडून दोरा तोडला. मग मला पाठमोरी वळायला लावून स्वतःच केसांत माळून दिला. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. त्यांनी माझ्या पदराचा काठ चिमटीत धरून बघितला आणि मान डोलावली. विणकाम ओळखणाऱ्या माणसाचा तो हात होता. असा साज मी घरून बॅगेत भरून नेऊ शकले नसते.

म्हणून देवाला जाताना नटण्याचा विचार कशाला, ह्याचं माझं उत्तर असं: आपण ज्याच्या दारी जातो त्याचा मान राखावा म्हणून. तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला पुरुषांना मुंडू (तिकडचं लुंगीसारखं वस्त्र) नेसून, उघड्या अंगाने जावं लागतं. पँट चालत नाही, आणि पंजाबी ड्रेस घातलेल्या बायकांना वरून मुंडू गुंडाळावं लागतं. ह्यांनी तिथेच एक मुंडू विकत घेतलं आणि पुढचे दोन दिवस संध्याकाळी तेच नेसून फिरले. मी साडीत होते, मला काहीच करावं लागलं नाही.

कपड्यांचा विचार करणं म्हणजे थिल्लरपणा, असं आपल्याकडे बायकांना फार ऐकवतात. १८८३ साली आनंदीबाई जोशी १८ वर्षांच्या वयात कलकत्त्याहून बोटीने, नवरा बरोबर नसताना, अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय पुरते झाकेनात. तेव्हा त्यांना कशात वावरायचं ह्याचा विचार करावा लागला आणि त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यांचं पाश्चात्त्य पोशाखातल्या मुलींबरोबरचं शिक्षण साडीतच झालं, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. परक्या मुलखात आपलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे त्यांनी किती बारकाईने ठरवलं असेल! तो विचार मला त्यांच्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की मे महिन्यात तुम्ही सगळे रामेश्वरला चालला आहात. म्हणून जरा तिथलं सांगते, कारण माझ्या लेखात हे नीट आलं नव्हतं.

आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस कुंडांवरून बादलीने डोक्यावर पाणी. त्या ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत, कोरडे कपडे बदलूनच दर्शन घ्यावं लागतं. म्हणजे स्नानाचा एक जोड आणि दर्शनाचा एक, दोन्ही त्याच वेळी बरोबर हवेत. खोलीवर ठेवून उपयोग नाही. स्नानाला तुम्ही स्वतः गडद रंगाचा, छापील, सैल पंजाबी ड्रेस घाला. फिकं कापड भिजलं की अंगाला चिकटून आरपार दिसतं. कोल्हापुरी पायात नको, चामडं पाणी पिऊन फुगतं. बदलायच्या जागी गर्दी असते आणि फरशी ओली असते. तिथे आपल्या नदीकाठच्या बायकांची रीत कामी येते: आधी कोरडा परकर डोक्यावरून घालून छातीशी बांधायचा, मग आतून ओला कुडता काढायचा, ब्लाउज चढवायचा आणि शेवटी परकर कमरेवर आणायचा. साडी तोवर गळ्यात. निऱ्या खाली सोडायच्या आधी पंच्याने पाय पुसून घ्या, नाहीतर काठ ओला होऊन दिवसभर पायात अडकतो.

मुलांच्या कपड्यांची काळजी करू नका. मेच्या उन्हात त्यांचे टी-शर्ट दुपारी धुतले तर संध्याकाळी अंगात. प्रत्येकी तीन पुरतात. मुलं सात-आठ वर्षांची असतील तर त्यांचे त्यांच्याच पाठीवर द्या, मोठ्या अभिमानाने वागवतात.

सासूबाई नऊवारी नेसत असतील तर मात्र त्यांच्यासाठी वजनाचा हात सैल सोडा. भिजलेलं सुती लुगडं पेलणं त्यांना कठीण जातं आणि ते वाळायलाही सगळ्यात जास्त वेळ घेतं. त्यांच्यासाठी एक जास्तीचं लुगडं घ्या, त्याऐवजी स्वतःची एक साडी कमी करा. त्यांचं कोरडं लुगडं पंच्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याच पाठीवर ठेवा. बावीस कुंडं होईपर्यंत सगळ्या फरशा निसरड्या झालेल्या असतात, आणि तिथे बऱ्याच वाटेवर धरायला कठडा नाही.