‘आफ्रिकेतल्या लोकांना कचऱ्याचं भान नाही’ : हा दावा का टिकत नाही

सध्या फिरणारा दावा असा: आफ्रिकी शहरांत कचऱ्यामुळे रोगराई पसरते ती लोक अडाणी म्हणून. जनजागृती केली की झालं. गाडी येत नसेल तर कचरा जाळावा, जंतू मरतात. डेपो गावाबाहेर असला की धोका संपला.

लोक अडाणी म्हणून? दारातली घाण कळायला पोस्टर लागत नाही. जागतिक बँकेच्या 2018च्या अहवालानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत माणशी रोज 0.46 किलो कचरा होतो, आणि त्यातला जेमतेम 44 टक्के उचलला जातो. म्हणजे पाच माणसांच्या घरात आठवड्याला 16 किलो. नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीतल्या बोळांत गाडीच शिरत नाही. तो कचरा तिथल्या बाईने ठेवायचा कुठे?

जाळण्याचा सल्ला तर घातकच. घरच्या कचऱ्यात ओला भाग भरपूर. तो पेटत नाही, तासन् तास धुमसतो. वरचं प्लास्टिक जळतं, पण ढिगाच्या पोटातल्या माश्यांच्या अळ्या जिवंत राहतात. वायरींची आवरणं आणि पीव्हीसीचे तुकडे कमी तापमानाला धुमसले की डायॉक्सिन हे जहाल विष तयार होतं. धूर जमिनीलगत, नेमका लहान मुलांच्या नाकाशी राहतो. राखेत शिसं उरतं, ती भाजीच्या वाफ्यात टाकूच नये. नैरोबीच्या दांदोरा डेपोजवळच्या 328 मुलांची तपासणी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2007 साली निष्कर्ष मांडले. निम्म्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅम किंवा जास्त होतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच.

गावाबाहेरचा डेपो? 11 मार्च 2017 रोजी इथिओपियातल्या अदिस अबाबाचा कोशे कचरा डेपो ढासळून शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. ऑगस्ट 2024मध्ये युगांडातल्या कंपालाच्या कितेझीतही डेपो ढासळून माणसं मेली.

जागृती हवीच, पण नेमकी. उकाड्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून ओला कचरा आठवड्यातून दोनदा उचलायला हवा, तोवर घट्ट झाकणाच्या बादलीत. डेंग्यूचा एडिस डास डबे, टायर, फुटके मग यांत पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन् महिने जगतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतली बाजू काथ्याने घासावी, मग भांडं पालथं घालावं. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास 2012मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. तोही साठवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून पाण्याच्या पिंपाला झाकण किंवा जाळी घट्ट बसलेली हवी.