चमचा उभा राहिला म्हणजे पाणी सुरक्षित झालं?

"पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागतो? पेलाभर पाण्यात कॉर्नफ्लोअर घालून चमचा उभा राहीपर्यंत ढवळा. जितकं दाट तितकं सुरक्षित. सकाळी एकदाच करा, दिवसभर पाजा." हा मेसेज फिरत फिरत आमच्या मावशीकडे आला आणि काकांच्या पेल्यात उतरायच्या बेतात होता, म्हणून हे लिहिणं आलं.

दाट द्रव घशात हळू सरकतो, श्वासनलिका झाकायला जरा वेळ मिळतो, इतकं खरं आहे. म्हणूनच काही रुग्णांना पेयं दाट करून देतात. पण "जितकं दाट तितकं सुरक्षित" हे धादांत चूक. फार दाट द्रव मागे ढकलायला जीभ आणि घसा यांना जोर लावावा लागतो, आणि पक्षाघातात नेमका तोच कमी पडू शकतो. मग थोडं घशात चिकटून राहतं आणि गिळून झाल्यावर श्वासनलिकेत उतरतं. वर असलं पाणी नकोसं होतं, पिणं घटतं, शरीर कोरडं पडतं. दाटपणा किती हवा हे गिळण्याची तपासणी करणाऱ्याने ठरवायचं, चमच्याने नव्हे.

ते मोजायची सोपी पद्धतही आहे. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत पेयांना 0 ते 4 पातळ्या दिल्या आहेत. बिनसुईची 10 मिलीची सिरिंज घ्या. 0 ते 10 या खुणांमधलं अंतर 61.5 मिलीमीटर हवं, कारण सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात. दट्ट्या काढा, सिरिंजच्या खालच्या तोंडावर बोट धरून पेय 10 मिलीपर्यंत भरा, बोट सोडा, बरोबर 10 सेकंदांनी पुन्हा लावा. उरलेलं 1 मिलीपेक्षा कमी असेल तर पातळी 0, 1 ते 4 मिली म्हणजे 1, 4 ते 8 म्हणजे 2, आठच्या वर उरून थोडं तरी गळलं तर 3. काहीच गळलं नाही तर 4, म्हणजे ते पेल्याने पिताच येत नाही. चमचा उभा राहणारं पाणी या शेवटच्या टोकाचं! गुठळी असेल तर सिरिंजचं तोंड तुंबून आकडा खोटा येतो. ज्या तापमानाला पाजायचं त्याच तापमानाला मोजा. गार झालं की दाटपणा बदलतो.

कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कितीही ढवळा, तळाशीच बसणार. शिजवल्याशिवाय ते दाट होत नाही. शिजवलं तरी लाळेतलं अमायलेज हे पाचक एन्झाइम त्यातला स्टार्च तोडतं, तोंडातच पातळ होतं. पेयं दाट करायला वापरतात त्या झँथन गम या डिंकाच्या पावडरीला ही अडचण नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं बद्धकोष्ठतेचं औषध स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळलं तर ते पाण्यासारखं पातळ होतं, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

दिवसभराचं एकदम? स्टार्चचं पेय ठेवल्या ठेवल्या आणखी दाट होत जातं, आणि उष्टा चमचा बुडाला की उलट पातळ.

दाट करायची पावडर चमच्याने नको, ग्रॅममध्ये वजन करून घ्या; शीग भरली की प्रमाण गेलं. पातळ वाटलं म्हणून वरून पावडर भुरभुरू नका, गुठळ्याच होतील. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, दुधाला जास्त लागतो, आणि मग सिरिंजने मोजा. पातळी चुकली तर ते ओतून द्या आणि वजन बदलून नवं करा.