पुढे न्या

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. पोस्ट लांबणार आहे, वेळ नसेल तर नुसतं लाईक करून गेलात तरी राग नाही.

दुपारी स्टाफरूममध्ये डबा खाताना मोबाईलवर विधानसभेच्या अधिवेशनाचं लाईव्ह लावलं होतं. आरोग्यावर चर्चा. एकेक जण उठतोय, माझ्या मतदारसंघातल्या रुग्णालयाची श्रेणीवाढ करा, ३० खाटांचं ५० करा, इमारतीला निधी द्या, ट्रॉमा केअर द्या, आणि उत्तर काय तर सकारात्मक विचार करू. मागची अर्धी बाकं रिकामी. आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन. "अगं, चाळीस हजार होतील का गं तुझ्याकडे?" दादा कधी पैसे मागत नाही. बहिणीकडे तर नाहीच नाही. विचारलं कशाला, तर म्हणाला, "तुझ्या वहिनीला दिवस गेलेत ना, या वेळी आठव्या महिन्यातच जिल्ह्याला खोली करून ठेवतो. परत तसं नको."

परत तसं नको. तीन शब्द. तिकडे लाईव्ह चालूच होतं, मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

जवळच्यांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. चार वर्षांपूर्वी वहिनीची पहिली वेळ. आमच्या तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, चांगलं दुमजली, फरशी चकाचक, ऑपरेशन थिएटर आहे, त्यात टेबल आहे, टेबलावर कंपनीचं प्लास्टिक आहे. प्लास्टिक काढलेलंच नव्हतं, मी दाराच्या काचेतून बघितलंय. रात्री दीडला बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, सीझर करावं लागेल म्हणाले. बाळंतपणाच्या मॅडम फोन केल्यावर यायला तयार होत्या. भूल द्यायला कोणी नव्हतं. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, बाहेरून जे बोलवतात ते दुसऱ्या तालुक्यात अडकलेले. मग सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पुढे न्या.

ज्यांच्या घरात कुणी तालुक्याला आजारी पडलंय त्यांना हे दोन शब्द माहीत आहेत. उपकेंद्रातून पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला पुढे न्या, तिथून ग्रामीणला पुढे न्या, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून औरंगाबादला नाहीतर पुण्याला. प्रत्येक ठिकाणी इमारत आहे, बोर्ड आहे, उद्घाटनाची पाटी तर आहेच आहे.

आता योजनांचं. कोणीतरी कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच लिहिते. हो, २०१२ ला आठ जिल्ह्यांत जीवनदायी ही मोफत उपचारांची सरकारी योजना सुरू झाली, २०१३ ला राज्यभर, पुढे २०१७ ला महात्मा फुल्यांचं नाव लागलं, दीड लाखाचं कव्हर होतं ते ५ लाख करायचं आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना द्यायचं हे २०२३ मध्ये ठरलं. चांगलंच आहे. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी त्यातूनच झाली, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत केले, तेही चांगलंच. पण त्या रात्री दादाच्या खिशात सगळी कागदपत्रं होती हो. आणि तिथे तर तसंही सगळं फुकटच होतं. फुकट होतं, पण नव्हतंच. कार्ड काही भूल देत नाही. म्हणजे देतं, पण वेगळ्या अर्थाने.

आणि हे सुधारणा करणारे कायम तिथूनच का सुरू करतात? कव्हर किती लाखाचं, कॉलेज किती जिल्ह्यांत. २०२४ मध्ये एका दमात १० नवी सरकारी मेडिकल कॉलेजं चालू केली, बरं, करा, पुढेमागे त्यातून डॉक्टर निघतील. पण कॉलेजं एका खात्याकडे आणि ग्रामीण रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, दोघांचे मंत्री वेगळे, सचिव वेगळे, म्हणजे भूल शिकवणारा एका खात्यात आणि भूल द्यायला माणूस नाही ते दुसऱ्या खात्यात. औषधांचंही तेच. खरेदी आधी हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली, ते जमलं नाही म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. तामिळनाडूने हेच काम १९९४ ला महामंडळ काढून करून दाखवलं होतं, आपल्याला जाग यायला एकोणतीस वर्षं लागली. राजस्थानने तर २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचाच कायदा केला, डॉक्टर संपावर गेले, सरकारला तडजोड करावी लागली, कायदा पातळ झाला म्हणा हवं तर. पण तो विषय तरी निघाला त्यांच्या विधानसभेत! आपल्याकडे श्रेणीवाढ. अरे, तीसचं पन्नास केलंत तर रिकाम्या खोल्या वाढतील, दुसरं काय होणार आहे?

पैसा नाही म्हणतात. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणातच लिहिलंय, राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांवर आरोग्याचा खर्च न्यावा. आपण, एवढं श्रीमंत राज्य, त्याच्या आसपाससुद्धा नाही. जाऊ दे. आकडे लिहायला लागले की मला झोप लागणार नाही.

मला खरं तर दुसरंच लिहायचं होतं.

त्या रात्री सिस्टर "पुढे न्या" म्हणाल्या तेव्हा दादा त्यांच्या अंगावर धावून गेला. माझा दादा, जो कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवतो. काय वाट्टेल ते बोलला, पगार कशाचा घेता, तुमच्या घरचं कोणी असतं तर, सगळं. मीही बोलले. मी तर जास्तच, शिकलेली ना, तक्रार करते, व्हिडिओ काढते वगैरे. आणि त्या बाई काय म्हणाल्या माहितीये? "दादा, मला शिव्या नंतर द्या, आधी ताईंना गाडीत घेऊ." १०८ ची अँब्युलन्स दुसऱ्या केसवर होती, यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ त्या वहिनीचा हात धरून उभ्या. नंतर गाडीत पण बसल्या, ६२ किलोमीटर, ड्युटी होती की नव्हती काय माहीत. पहाटे जिल्ह्याला सीझर झालं, वहिनीला तीन बाटल्या रक्त चढवलं, बाळ अकरा दिवस काचेत. वाचलं. आता सायकल चालवतंय आणि मला आत्या न म्हणता नावाने हाक मारतंय. सिस्टर सकाळी एसटीने परत गेल्या. चहा तरी विचारला का आम्ही? नाही.

नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं आठवतंय? २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. आणि मग एका खासदारांनी जाऊन काय केलं, तर तिथल्या डीनना, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांना संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं होतं, बरं झालं. खरंच वाटलं होतं, लपवत नाही. आणि मग एकदम दादा आठवला, सिस्टरच्या अंगावर धावून जाणारा. आम्ही वेगळं काय केलं होतं? जो हजर असतो त्याचीच गचांडी धरायची. ज्या खुर्चीवर कोणी बसलेलंच नाही तिला काय बोलणार? त्या रिकाम्या जागांबद्दल शेवटी हायकोर्टाला स्वतःहून दखल घेऊन विचारावं लागलं. आमदार विचारू शकले असते की. त्यासाठीच निवडून दिलेत ना?

तरुण डॉक्टर गावात जात नाहीत हेही खरं. पण क्वार्टर गळतं, पगार कंत्राटी आणि तोही लांबलेला, रात्री चिडलेले पन्नास नातेवाईक आणि आत एकटं पंचवीस वर्षांचं पोरगं, मी तरी माझ्या मुलाला पाठवीन का? नाही पाठवणार. बघा, इथे येऊन माझाच राग माझ्यावर उलटतो.

माझी मागणी एवढीशी आहे. पुढच्या अधिवेशनात कुणीतरी उठून एवढंच विचारा, की आज रात्री दीड वाजता राज्यातल्या किती ग्रामीण रुग्णालयांत भूल देणारा माणूस आहे? पाच लाखाचं नंतर बघू.

दादाला पैसे पाठवलेत, आत्ताच. फोन ठेवता ठेवता त्याला विचारलं, आणि काय रे, आपल्या तिथल्या ग्रामीणमध्ये काही सुधारणा?

म्हणाला, "हो की. रंग मारलाय नवा."